जमलेलं माप

पायांच्या कार्यशाळेत तिला सगळे साठेबाज म्हणत. नाव प्लास्टरमामांनी ठेवलेलं. ती कामाला लागली त्याच महिन्यात मामांच्या हातून संगणकावरची एक फाइल उडाली आणि मामा कपाळाला हात लावून बसले. ही म्हणाली, "कालची देऊ की परवाची? हवी तर तीन आठवड्यांपूर्वीचीही आहे."

मामा म्हणाले, "अगं, तू पदवी घेऊन आलीस की गोदाम?"

नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला त्याचा राग नव्हता. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तिच्या बाईंनी एक शिस्त लावली होती. मोजलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, चुकला असेल तर त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी नवा लिहायचा. खालचा वाचता आला पाहिजे. इथे जिन्याखालच्या खोलीत, दोन पंख्यांच्या घरघरीत बसून, कार्यशाळेच्या संगणकांवरच्या फाइल जपताना, ती जवळपास तेच काम करत होती.

कार्यशाळेत गुडघ्याखालचे कृत्रिम पाय बनत. पायात सगळ्यात अवघड भाग म्हणजे सॉकेट, उरलेला पाय ज्यात बसतो तो कडक पेला. पाऊल आणि नळी तयार मिळतात, कुणाचंही कुणालाही चालतं. सॉकेटचं तसं नाही. पायाचा आकार स्कॅनरने घ्यायचा, त्यावरून यंत्र फोमचा साचा कोरायचं, साच्यावर सॉकेट चढायचं, आणि मग माणूस दोन दांड्यांच्या मधून चालून दाखवायचा. मामा पायाकडे बघतच नसत, चेहऱ्याकडे बघत. भुवई हलली की म्हणत, "बाहेरच्या हाडापाशी. थांबा." दोन मिलिमीटर इथे घासायचं, दीड तिथे भरायचं, पुन्हा चालायला लावायचं. एकेका माणसाला अशा दहा-बारा फेऱ्या लागत.

घासलेलं सगळं संगणकातल्या आकारातही उतरवायचं असे, आणि घोळ तिथेच होता. मामांचं आयुष्य प्लास्टरच्या साच्यावर गेलेलं. प्लास्टरचा साचा एकच, घासायचं ते त्याच्यावरच. त्यामुळे संगणकातही ते त्याच नावावर सेव्ह करत. नवी फाइल करा म्हटलं तर म्हणत, "एका पायाला एक साचा. दुसरा कशाला, जुळं झालंय का?" आणि मामांचं बघून खालची अख्खी खोली तेच करायला लागली होती. एका माणसाची एकच फाइल. नवं वर आलं की जुनं गेलं.

जायचं कुठे, तर साठेबाजच्या गोदामात. रोज संध्याकाळी सात वाजता तिची व्यवस्था दिवसभरात जे बदललं तेवढंच उचलून ठेवायची. हे तिने एकदा आत्याला चहा पिता पिता समजावलं होतं. सुरुवातीला एकदाच सगळ्याची पूर्ण प्रत घ्यायची. मग रोजच्या रोज फक्त बदल. असे तीस दिवस साठवायचे. एकतिसावा आला, की सगळ्यात जुन्या दिवसाचे बदल त्या पूर्ण प्रतीत मिसळायचे आणि तो दिवस मोकळा करायचा.

"मिसळले की आधीचं काय होतं?" आत्याने विचारलं होतं.

"पुसलं जातं. पूर्ण प्रत एक दिवस पुढे सरकते."

"म्हणजे तुझं गोदाम मागच्या दाराने गळतं."

"गळत नाही गं. तीस दिवसांचं ठेवायचं असं ठरवलंय, त्याप्रमाणे चालतं."

"ठरवून गळतं," आत्या म्हणाली होती, आणि कप विसळायला गेली होती.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. ती यांच्याच घरात राहायची आणि लोखंडाच्या यार्डात क्रेन चालवायची. आठ वर्षांपूर्वी यार्डातच तिचा डावा पाय गेला. सगळ्यांनी तिला खाली बसायचं काम घे म्हणून सांगितलं. तिने मामांकडून पाय बनवून घेतला आणि बेचाळीस पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून पुन्हा आपल्या केबिनमध्ये जाऊन बसली. दरवर्षी एकदा तपासनीस येई, तिला शिडी चढायला लावी, कागदावर सही करी. पाच आठवड्यांपूर्वी ते जुनं सॉकेट काठाशी चिरलं. अठरा दिवसांपूर्वी कार्यशाळेने नवं बनवून दिलं. आणि या सोमवारी तपासनीस यायचा होता.

गुरुवारी सकाळी साठेबाज खोलीत डोकावली तर आत्या पलंगाच्या कडेवर बसून सॉकेटमध्ये घडी केलेला रुमाल कोंबत होती. पायावर पुढच्या बाजूला बोराएवढा फोड आला होता, शेजारी जुना एक फुटून लाल झालेला.

"आत्या! हे कधीपासून?"

"ओरडू नकोस, तुझ्या आईला ऐकू जाईल."

"कधीपासून विचारतेय."

"नवीन घातलं त्या दिवसापासून. बसेल म्हटलं हळूहळू."

"अठरा दिवस तू गप्प बसलीस? कार्यशाळेत मी आहे, मामा आहेत..."

"मामांना काय सांगू, तुमच्या हातचं बोचतंय? आठ वर्षं त्यांच्या पायावर चालले." तिने रुमाल आणखी आत दाबला. "कालच सातव्या पायरीवर उभं राहून मोजत होते, अजून पस्तीस. तपासनिसाने फाटकाच्या चौकीत बदली करायचा कागद आधीच तयार ठेवलाय म्हणतात. चौकीत, पोरी! येणाऱ्या-जाणाऱ्याची नावं लिहायची."

साठेबाजने तो पाय उचलला, पिशवीत घातला आणि कार्यशाळेत आणला. आत्या कुबड्या घेऊन मागून येते म्हणाली.

मामांनी सॉकेटच्या आत बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग संगणकावर आत्याची फाइल उघडली आणि तो आकार पडद्यावर गोल गोल फिरवला.

"हा माझा नाही," ते म्हणाले.

"फाइल तर तीच आहे."

"नाव तेच आहे. ह्याला माझा हात लागलेला नाही. हाडाच्या कडेला मी नखाएवढी जागा सोडली होती, मागे शिरेसाठी खोलगट केलं होतं. अकरा फेऱ्या लागल्या होत्या तुझ्या आत्याला. हा कोरा पाय आहे, नुसता स्कॅन." त्यांनी मान वर केली. "मी रजेवर होतो त्या आठवड्यातलं काम."

तारीख पाहिली. सव्वीस दिवसांपूर्वी दुपारी कुणीतरी नियमाप्रमाणे नवा स्कॅन घेतला होता आणि कार्यशाळेच्या सवयीप्रमाणे त्याच नावावर ठेवला होता. चिरलेलं जुनं सॉकेट तेव्हाच कचऱ्यात गेलेलं.

"पुन्हा घासायला किती दिवस, मामा?"

"अकरा फेऱ्या. फोड आधी सुकायला हवा. तीन आठवडे धर."

सोमवारला चार दिवस होते. साठेबाजने बोटांवर मोजलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. सव्वीस दिवसांपूर्वी बदल झाला, म्हणजे सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस आणि तीस दिवसांपूर्वीच्या साठ्यात मामांचा जुना आकार असणार. साठ्यातले असे चार दिवस शिल्लक होते. ती जिन्याखाली धावली.

आधी तिला साहेबांचा मेल दिसला. साहेब म्हणजे कार्यशाळेचे व्यवस्थापक. डिस्क सत्त्याण्णव टक्के भरली आहे, असं त्यात होतं. तीसऐवजी सातच दिवस ठेवा, बाकीचे तेवीस पूर्ण प्रतीत एकत्र करा, आज दुपारी बारापर्यंत. गेल्या वर्षी डिस्क भरून कोरायचं यंत्र दिवसभर बंद पडलं होतं आणि बोलणी साहेबांनी खाल्ली होती, तेव्हापासून टक्केवारी वाढलेली दिसली की ते लगेच मेल धाडत.

मग तिने साठ्याची यादी उघडली. जुन्या टोकाला चार ओळी असायला हव्या होत्या. दोनच होत्या.

तिने यादी वरपासून वाचली. नव्या टोकाला आजच्याच तारखेच्या दोन ओळी होत्या, साडेआठची आणि सव्वानऊची. कुणीतरी हाताने बॅकअप घेतला होता. ती हे वाचत असतानाच तिसरी ओळ उमटली, दहा वाजून वीस मिनिटं, आणि जुन्या टोकाची एक ओळ पिवळी झाली. तिच्यासमोर लिहून आलं, 'मिसळत आहे'.

साहेबांच्या संगणकावर 'आत्ता बॅकअप घ्या' असं एक बटण होतं. ते तिनेच त्यांना लावून दिलं होतं, त्यांच्या समाधानासाठी. प्रत्येक दाबण्याने पुढे एक नवा साठा आत येत होता आणि मागून सगळ्यात जुना विरघळत होता. साहेब काळजीने दाबत होते आणि आत्याचा पाय एकेक दिवसाने पुसला जात होता.

मिसळणं मधेच थांबवता आलं असतं. पण अर्धवट मिसळलेली पूर्ण प्रत म्हणजे सगळ्याच साखळीचा भरवसा गेला, सगळ्यांच्याच पायांचा. तिने हात मागे घेतला. चाळीस मिनिटं लागणार, आणि तेवढा वेळ जुनं काही बाहेरही काढता येणार नव्हतं. अकरा वाजता शेवटची एकच ओळ उरणार, सत्तावीस दिवसांपूर्वीची. तोवर चौथ्यांदा बटण दाबलं गेलं, तर ती ओळही मिसळायच्या रांगेत लागणार आणि जाणार.

तिने अधिकारांचं पान उघडलं. साहेबांच्या नावापुढची खूण काढली. नोंदवहीत वेळ लिहिली, कारण लिहिलं, खाली सही केली. मग जिना चढून वर गेली.

साहेब खिडकीपाशी उभे होते. टेबलावर आजच्या मेलचा छापलेला कागद, त्यावर 'बारा' भोवती गोल.

"झालं का एकत्रीकरण?"

"नाही. सकाळपासून तुम्ही तीनदा बॅकअप घेतलात."

"घेतला. तुम्ही एवढं तेवीस दिवसांचं मिसळणार, त्यात काही उलटसुलट झालं म्हणजे? सेफ साइड म्हणून."

"साहेब, जागा तीसच आहेत. तुम्ही पुढून एक ढकललात की मागून एक पडतो. तीन वेळा सेफ साइड घेतलीत, तीन दिवस गेले."

"महिन्यापूर्वीचे दिवस कुणाला हवेत हो? शेवटचा आकार तोच बरोबर. जुनं ते चुकलेलं, म्हणून तर बदललं ना?"

"बदललं ते चुकून बदललं. मामांचं जमलेलं माप होतं, त्यावर कोरा स्कॅन बसला. माझ्या आत्याच्या पायाला फोड आलेत."

साहेबांनी मान हलवली. "आत्ता कळलं. घरचं काम आहे."

तिच्या कानशिलाशी गरम झालं. "घरचं होतं म्हणून मला दिसलं. बाकीच्यांच्या घरी मी राहत नाही, म्हणून त्यांचे फोड दिसले नाहीत. या महिन्यात आणखी अकरा जणांच्या फाइलवर असाच नवा स्कॅन बसलाय. मी आत्ताच यादी पाहिली."

"ते नंतर बघू. आधी बारापर्यंत सात करा."

"नाही करणार."

साहेब खिडकीपासून वळले.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे सात करणार नाही. डिस्क का भरलीय ते मी तुम्हाला दोनदा मेलवर कळवलंय. बाहेर बसायच्या जागेत टीव्हीवर आपली फिल्म चालते ना, तुम्ही प्रस्तावना करता ती? तो संगणक दर संध्याकाळी ती फिल्म नव्याने लिहून ठेवतो. एवढी मोठी फाइल, रोज बदललेली, म्हणून रोज पूर्ण उचलली जाते. तुमच्या गोदामात तीस दिवसांचे पाय थोडे आहेत साहेब, तीस वेळा तुम्हीच आहात. फिल्म मी आज बॅकअपमधून वगळली. आता रोज जुनी एक उतरत जाईल, नवी चढणार नाही. उद्या शहाण्णव होईल. महिन्याभरात साठच्या आसपास."

"आणि तोवर यंत्र बंद पडलं तर?"

"रोज फक्त आकार साठवायला लागते ती जागा मी मोजलीय. उरलेले तीन टक्के अडीच महिने पुरतात."

"मोजलंत ते ठेवा तुमच्यापाशी." साहेब खुर्चीत बसले आणि माउस ओढला. "मीच घेतो एक शेवटचा बॅकअप, आणि सातही मीच करतो. हे... हे पुसट का झालंय?"

"तुमचा अधिकार मी काढलाय. दहा वाजून बत्तीस मिनिटांनी."

"कुणाच्या परवानगीने?"

"कुणाच्याच नाही. नोंदवहीत लिहिलंय, खाली माझी सही आहे. लपवून केलेलं नाही. तुम्हाला तो परत हवा असेल तर सव्वाअकरानंतर मी स्वतः लावून देते. त्याआधी नाही."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "तुमची नोकरी जाऊ शकते, समजतंय ना?"

"समजतंय. नोकरीला पर्याय शोधता येतो. त्या आकाराला नाही."

एवढं बोलून ती जिना उतरली.

खाली आत्या येऊन बसली होती, कुबड्या भिंतीला टेकवून. मामा शेजारी स्टुलावर. पिवळी ओळ हळूहळू सरकत होती. अकराला चार मिनिटं असताना ती नाहीशी झाली आणि जुन्या टोकाला एकच ओळ उरली. साठेबाजने ती उघडली, आत्याची फाइल बाहेर काढली, वेगळ्या डिस्कवर ठेवली आणि मगच श्वास सोडला.

मामांनी आकार फिरवला. हाडाच्या कडेला नखाएवढी सोडलेली जागा होती. मागे शिरेसाठी खोलगट.

"हा माझा," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"रडताय काय, कोरायला लावा," आत्या म्हणाली.

साठेबाजने मग त्याच ओळीतून बाकीच्यांच्या फाइल काढायला घेतल्या. अकरातल्या नऊ मिळाल्या. दोन जणांच्या मिळाल्या नाहीत, त्यांचे जुने आकार सकाळच्या तीन बटणांमध्ये विरले होते. त्या दोघांचे क्रमांक तिने कागदावर लिहिले, पुढे वेळा लिहिल्या, आणि तो कागद सव्वाअकराला साहेबांच्या टेबलावर ठेवून, कबूल केल्याप्रमाणे त्यांचा अधिकार परत लावून दिला. साहेबांनी कागद बराच वेळ वाचला. बटण त्यांनी दाबलं नाही.

पण शुक्रवारी तिच्या हातात पत्र पडलं. आदेश न पाळल्याबद्दल दोन दिवसांत लेखी खुलासा करावा, आणि सोमवारी कामावर येऊ नये. तिने तिथेच उभ्या उभ्या पत्राच्या मागे खुलासा लिहिला. 'तेवीस दिवस एकत्र केले असते तर दहा माणसांची जमलेली मापं गेली असती. म्हणून आदेश पाळला नाही. पुन्हा आला तर पुन्हा पाळणार नाही.'

"थोडं मऊ लिही की," मामा खांद्यावरून वाचत म्हणाले.

"कुठे मऊ करू?"

मामांनी पुन्हा वाचलं. "राहू दे." मग स्वतःच्या टेबलाशी गेले, एका पुठ्ठ्यावर जाड पेनाने काहीतरी लिहिलं आणि तो स्कॅनरच्या वर चिकटवला. 'जमलेल्या मापावर सेव्ह करणाऱ्याचा हात मी कानशीने घासेन. नवी फाइल करा.' खाली त्यांची सही. साहेब जाता-येता तो वाचत होते, काढायला मात्र कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी कामावर जायचं नव्हतं, म्हणून साठेबाज आत्याबरोबर यार्डात गेली. आत्याच्या पायात मामांच्या जुन्या मापावरून नव्याने बनवलेलं सॉकेट होतं, फोडावर पट्टी. तपासनीस क्रेनखाली उभा होता, बगलेत फायल. वरचाच कागद बदलीचा होता. नाव भरलेलं, फक्त सहीची जागा मोकळी.

"बाई, जमेल का? उगाच जिवाशी खेळ नको," तो म्हणाला. "चौकीत पंखा आहे, खुर्ची आहे."

आत्या पुढे झाली. शिडीच्या दांड्या धरल्या, उजवा पाय ठेवला, मग डावा. साठेबाज खालून मोजत होती. सातव्या पायरीवर आत्या थांबली. साठेबाजने मोजणं थांबवलं. पण आत्या खाली वाकली आणि पँटचा पायचा, जो पायात येत होता, सॉकेटच्या वर खोचून घेतला. मग पुन्हा चढायला लागली. वीस. तीस. एकेचाळीस, बेचाळीस. केबिनचं दार वर धाडकन बंद झालं.

तपासनिसाने पेन काढलं आणि कुठल्या कागदावर सही करायची ते ठरवत उभा राहिला. तेवढ्यात यार्डातला भोंगा खरखरला आणि आत्याचा आवाज लोखंडाच्या ढिगांवरून सगळीकडे घुमला.

"तो चौकीचा कागद आणलाय ना साहेब? वर घेऊन या. सही मी इथेच करते."

तपासनिसाने मान वर करून शिडीकडे पाहिलं. पहिल्या पायरीकडे, मग शेवटच्या. मग त्याने फायल उघडली, वरचा कागद काढून सगळ्यात खाली सरकवला, आणि दरवर्षीच्या कागदावर सही करायला साठेबाजची पाठ टेकू म्हणून मागितली.